आरशाला हात लावू नये

ठाणे,
रविवार, 19 मे 2024

ती. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "ते खूळ एकदाचं भंगारात घाला." फोनवर तुझ्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या चिरंजिवांची डोंबिवलीची वेधशाळा किती मोडली, किती वाचली आणि राहिलेली वाचवायला तो काय करतो आहे, ते एकदा शांतपणे वाच आणि मग काय ते ठरव.

वेधशाळा हा शब्द तसा मोठाच. हौशी लोक ती परसात उभारतात, पण डोंबिवलीत परस कुठून असणार? तिथे गच्ची हेच परस. चार मजली जुन्या इमारतीच्या गच्चीवर आठ फूट बाय आठ फुटांची पत्र्याची खोली, रुळांवर सरकणारं छप्पर, मध्ये काँक्रीट भरलेल्या लोखंडी नळाचा खांब आणि त्यावर आठ इंची परावर्ती दुर्बीण. सोसायटीतल्या लोकांना वेधशाळा म्हटलं की पाऊसच आठवतो. जिन्यात भेटणारी मंडळी त्याला गुरू-शनीबद्दल विचारत नाहीत, 'उद्या छत्री न्यायची का' असं विचारतात.

सोमवारी, 13 तारखेला, तुमचं पुण्याचं मतदान चालू होतं. इकडे दुपारी आभाळ मातकट पिवळं झालं आणि धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. मुलुंड-ठाण्याच्या मध्ये ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि लोकल ठप्प झाल्या. तो ऑफिसात अडकला. गच्चीवर काय झालं हे कळायला रात्र झाली. छप्पर रुळांवरून उचललं जाऊन शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला जाऊन टेकलं होतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. दुर्बिणीवर आधी धूळ बसली, मग वळवाच्या सरी, म्हणजे आरशावर चक्क चिखल.

गंमत बघ. त्याच्या तीनच रात्री आधी, 10 आणि 11 मेच्या दरम्यान, सूर्यावरून सुटलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. वीस वर्षांतलं सर्वांत मोठं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडी झाक दिसली. 1859 साली असंच, याहूनही जबर वादळ आलं, तेव्हा त्याची उत्तम नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकांवर झाली. जगभरचे अभ्यासक आजही ती काढून बघतात. तर या मेमधल्या चुंबकीय वादळाची टिपणं चिरंजिवांनी तीन दिवस हौसेने केली, आणि खरं वादळ आलं तेव्हा छपराचे दोन बोल्ट सैल होते.

दोष वाऱ्याचा कमी, हिशेबाचा जास्त. वारा किती दाबतो याचं सूत्र बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, दिलेलं आहे. वेगाचा वर्ग गुणिले 0.6. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याला एका चौरस मीटरवर सुमारे 47 किलोंचा जोर येतो. याचं छप्पर साधारण सहा चौरस मीटरचं, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या वर. आणि छप्पर, अँगल धरून, सत्तर किलोंचं! उलट बाजूने मांडलं तर ताशी 50 किलोमीटरलाच ते तरंगायला लागणार. मुंबईसाठी मानकात धरलेला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ 158 किलोमीटर. ज्या फॅब्रिकेटरने शेड बांधली त्याने "साहेब, पत्रा जड आहे, हलणार नाही" असं सांगितलं होतं. याने ते ऐकलं. फिजिक्सचा पदवीधर!

पण वादळानंतर तो जे वागला, त्यासाठी मी त्याला सगळं माफ करतो. मंगळवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची निम्मी मंडळी जमली होती. एक काका पंचा घेऊन आरसा पुसायला पुढे झाले. चांगल्या मनाने. हा जवळजवळ ओरडलाच, "हात लावू नका!"

तुला आठवतंय, तो आरसा तुझ्याच बाल्कनीत जन्मला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तेव्हा हौशी लोकांसाठी दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा व्हायच्या, त्या नादात याने काच आणली आणि पाण्याच्या पिंपाभोवती गोल फिरत महिनोन्‌महिने घासली. खरखरीत कार्बोरंडम, मग त्याहून बारीक, मग त्याहून. प्रत्येक टप्प्याला तो पिंप, बाल्कनी आणि स्वतःला धुऊन काढायचा, आणि तू म्हणायचीस, अभ्यासाला बसताना कधी इतका स्वच्छ झाला नाही! कारण आधीच्या पुडीतला एक जाडा कण राहिला तर पुढची सगळी मेहनत चरा पडून वाया. तो धडा त्याच्या हाडात मुरला आहे. धुळीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ काचेहूनही कठीण. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर केसाहून काहीशे पट पातळ. त्यावर पंचा फिरवला असता तर वादळाने जे केलं नाही ते काकांनी एका मिनिटात केलं असतं.

हे नुसतं भाच्याचं कौतुक नाही, याला इतिहास आहे. 1869 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला चार फुटी आरशाची प्रचंड दुर्बीण उभी राहिली. आरसा काचेचा नव्हे, धातूचा. समुद्रप्रवासात तो काळवंडू नये म्हणून त्यावर लाखेचा लेप दिला होता. पोचल्यावर तो लेप काढताना पृष्ठभाग बिघडला, आणि दुर्बिणीची कीर्ती पुढे कायम वादात राहिली. समुद्राने काही केलं नाही, जे झालं ते साफसफाईने. पुढे ती कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लोला गेली आणि 18 जानेवारी 2003 च्या वणव्यात जळाली. आता तिचे उरलेले भाग जमवून संग्रहालयाची माणसं आणि हौशी स्वयंसेवक ती पुन्हा जोडताहेत. दीडशे वर्षांनी!

ती बनवली डब्लिनच्या ग्रब यांनी. त्याच ग्रब यांच्या कारखान्यातून एक वीस इंची दुर्बीण तुझ्या पुण्यात आली होती, हे तुला ठाऊक आहे का? भावनगरच्या महाराजांनी पैसे दिले, म्हणून ती महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. 1888 ची. कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक ती चालवत, आणि जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला सोलापूरकडे जेऊरला ठाण मांडून बसले होते. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. वादळ नाही, आग नाही, चालवणारा माणूस गेला इतकंच. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तुझं 'भंगारात घाला' ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा नायगमवालाच आठवले.

तर आरसा. त्याने तो कोरडा पुसला नाही, ओलाही पुसला नाही. नळीतून सोडवून बाथरूममध्ये घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला आणि नळाची धार नुसती वाहू दिली, अर्धा तास. मग साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवला. मग औषधाच्या दुकानातला कापूस पाण्याखाली, आपल्याच वजनाने, एकाच दिशेने ओढला. बोळा एकदा फिरला की टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन तिरका उभा केला. सुकल्यावर उजेडासमोर धरला, तर थरात सुईच्या टोकाएवढी काही भोकं दिसली, पण काचेवर चरा एकही नाही. थर नवा चढवता येतो. काचेचा घाट मात्र गेला की गेला.

माउंटची, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीची, गोष्ट वेगळी. त्याच्या मोटारी आणि सर्किट भिजलं होतं. इथे सगळ्यांचा पहिला मोह म्हणजे 'चालू करून बघू या'. ओल्या सर्किटमधून वीज सोडली की जे वाचलेलं असतं तेही जळतं. त्याने बॅटरी सोडवली, झाकणं उघडली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या धुतल्या आणि चार दिवस पंख्याखाली ठेवल्या. शेजारच्या वहिनींनी तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितलं होतं. त्याने नम्रपणे नकार दिला, कारण तांदळाची पिठी गिअरमध्ये गेली की नवं दुखणं. शनिवारी वीज सोडली. एक मोटार फिरली, दुसरी गुरगुरून गप्प झाली.

सगळ्यात मोठी धास्ती खांबाची होती. वेधशाळेचा प्राण खांबात असतो. मद्रासच्या वेधशाळेची इमारत केव्हाच गेली, पण 1792 चा तिचा दगडी खांब चेन्नईत अजून उभा आहे. आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो, आणि डोंबिवलीत उत्तरेला नवा टॉवर झाल्यापासून तो दिसतच नाही. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष जुळवायला ताऱ्याची सरक मोजत रात्रीच्या रात्री घालवाव्या लागतात. खांब हलला असता तर ते सगळं पहिल्यापासून, आणि पाऊस तर तीन आठवड्यांवर.

यावर त्याने जी युक्ती काढली तिला तोड नाही. 16 मे हा आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस. साडेबारानंतर चार-एक मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खांब ओळंब्यात असेल तर त्याची सावली कुठेच पडता कामा नये. एका अंशाने जरी कलला असेल तरी चार फुटी खांबाची दोन सेंटिमीटर सावली दिसेल. गुरुवारी मी मुद्दाम ठाण्याहून लोकल पकडून गेलो. आम्ही दोघं भर उन्हात, डोक्यावर ओले रुमाल टाकून, एका लोखंडी नळाकडे टक लावून उभे. सोसायटीचे सेक्रेटरी दारातून बघत होते. काय वाटलं असेल त्यांना! बारा चौतीसला सावली खांबाच्या पायात विरली.

खांब सरळ म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, हेही त्याला कळतं. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीला सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळाचा तडाखा बसला. वरचा एक अँटेना तुटून खालच्या ताटलीत पडला, दिसणारं नुकसान ते. दुर्बीण पुन्हा कामाला लागली. ऑगस्ट 2020 मध्ये एक केबल खोबणीतून निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली, आणि 1 डिसेंबरला 900 टनांचा सांगाडा खाली आला. म्हणून चिरंजीव सध्या हातोडी घेऊन एकेक वेल्डिंग ठोकून आवाज ऐकत बसलेले असतात. दोन सांधे बद्द वाजले. ते कापून नव्याने करायचे आहेत.

तू विचारशील, मंडळांबरोबर वांगणीला जावं की, तिथे अंधारही आहे. जातोच तो. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम, कल्याणच्या आकाश मित्र मंडळाची माणसं, यांच्यातच तो वाढला. पण वांगणी महिन्यातून एकदा. रूपविकारी ताऱ्याची तेजस्विता मोजायची तर त्याच जागेवरून रात्रीमागून रात्री बघावं लागतं, आणि जोडतारे, गुरूचे चंद्र, चंद्राआड जाणारे तारे यांना डोंबिवलीच्या दिव्यांचा फारसा त्रास होत नाही.

सोसायटीची बाजू मात्र मला पटते. उडालेला पत्रा कुणाच्या डोक्यात बसला असता तर? कमिटीने शेड काढायला सांगितली आहे आणि मी भाच्याला निमूटपणे मान्य कर म्हटलं. आता उंच शेड नाही. कमरेएवढी पेटी, दोन पल्ल्यांची, चारी कोपऱ्यांना टर्नबकलने स्लॅबमधल्या हुकांना जखडलेली. पावसाळ्यात दुर्बीण घरात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कारण कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. खर्च तो त्याचा करतो आहे, तुझ्याकडे मागणार नाही.

काल रात्री चंद्र भरत आला होता, ढगही होते. त्याने आरसा बसवला, नळी हातानेच फिरवली आणि सप्तर्षीतल्या वसिष्ठावर आणली. अरुंधती बाजूला दिसली, आणि वसिष्ठ स्वतः दोन ताऱ्यांमध्ये स्वच्छ फुटला. दोन टाचण्या शेजारी ठेवाव्यात तसा. सेक्रेटरीही येऊन बघून गेले आणि उद्या पाऊस आहे का, ते विचारून गेले.

उद्या आमच्याकडे मतदान, त्यामुळे वेल्डिंगवाला मंगळवारनंतरच उगवणार. नवा थर चढवायला आरसा जूनमध्ये पाठवावा लागेल, आणि त्याला मापाचा खोका हवा. हा आरसा पुण्याहून डोंबिवलीला ज्या लाकडी खोक्यातून आला, तो तुझ्या माळ्यावर दिवाळीच्या कंदिलांखाली आहे. तो भंगारात घालू नकोस. येताना घेऊन ये.

तुझा धाकटा भाऊ