सावडी, चावडी, चौल्ट्री

चेन्नईहून चेंगलपट्टूकडे निघालं की परनूरला गाड्यांच्या रांगा लागतात. तिथल्या थांब्याचं तमिळ नाव आहे 'सुंगच्चावडी'. सुंगम् म्हणजे जकात हे कळायला मराठी माणसाला क्षणभर लागेल, पण मागून येणारी बाई ओळखीची निघते. टोलनाका म्हणजे जकातीची चावडी. निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या दारावर पाटी लागते ती 'वाक्कुच्चावडी'ची, म्हणजे मतदान केंद्राची. आणि रस्त्यात अडथळे लावून पोलीस डिकी उघडायला लावतात, ती 'सोदनैच्चावडी'. आपल्याकडे कादंबरीत आणि ग्रामीण कथेत निवृत्त होऊन बसलेली चावडी तमिळनाडूत अजून सरकारी नोकरीत आहे, तीही एकदम तीन खात्यांत.

तिची एक खोड आधी सांगितली पाहिजे. तमिळमध्ये च आणि स यांना एकच अक्षर आहे. ते शब्दाच्या आरंभी आलं की बहुतेक तोंडांतून स निघतो, जोडून आलं की ठसठशीत च्च. त्यामुळे ही एकटी असली की 'सावडी', आणि जकात, मत, तपासणी असं काही सरकारी पुढे लागलं की चावडी. कुणाच्या जोरावर बोलायचं ते तिला पहिल्यापासून कळतं.

महाराष्ट्रातली तिची ऐन उमेद अशीच होती. गावाच्या मध्यावर दगडी जोतं, लाकडी खांब, पुढून उघडी, मागे एखादी अंधारी खोली. खोलीत कुलकर्ण्याचं दप्तर, रुमालात बांधलेलं. पुढे घोंगडीवर पाटील. सारा इथे भरायचा, तंटा इथे मांडायचा, परगावचा शिपाई किंवा बैरागी रात्री इथेच टेकायचा. पुण्यात बुधवार पेठेत तर कोतवालाचीच चावडी होती, म्हणजे पेशवाईतलं पोलीस ठाणं. आपण 'चावडीवरच्या गप्पा' म्हणतो तेव्हा आपल्याला फक्त पारावरचा निवांतपणा आठवतो. पण तिथे बसायला कोणाला मिळत होतं आणि पायरीखाली कोण उभं राहत होतं, हे गप्पा मारणाऱ्यांनी फारसं लिहून ठेवलेलं नाही. येसकराला चावडीचं काम होतं, चावडीची बैठक नव्हती. इंग्रजांनी १८७१मध्ये काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला. तो पुढे १९११मध्ये मद्रास इलाख्यालाही लागू झाला. त्यानंतर गावोगावच्या कित्येक माणसांना चावडी माहीत होती ती हजेरीची जागा म्हणून. पाहुण्याला निवारा देणारं छप्पर तेच, आणि 'आहेस का रे' म्हणून रात्री नाव पुकारणारंही तेच. १९५२मध्ये तो कायदा गेला. आठवण इतक्या लवकर जात नाही.

कूळ विचारलं तर मात्र बाई मोघम बोलते. मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, सगळ्यांच्या घरात तिचं नाव आहे आणि प्रत्येकाला ती आपलीच वाटते. यूल आणि बर्नेल या दोन साहेबांनी १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तिची व्युत्पत्ती संशयास्पद ठरवली. शक्यता म्हणून संस्कृतातले चतुर आणि वाट हे शब्द पुढे केले जातात. चार वाटा मिळतात ती जागा. मराठी कानाला हे पटतं, कारण चव्हाटा आपल्या कानात आधीच बसलेला आहे. हे खरं असेल तर या दोघी बहिणी, एकीला छप्पर मिळालं आणि दुसरी उघड्यावर राहिली. स्वभावातला फरकही तिथूनच आला असावा. चव्हाट्यावर गोष्ट आली की ती सगळ्यांची होते, चावडीवर नेली की तिचा निकाल लागतो.

यातला बर्नेल हा माणूस आपल्या फार जवळून गेलेला आहे. तो तंजावरला जिल्हा न्यायाधीश होता आणि मराठ्यांच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यानं केली. कोश छापून यायच्या आधीच, १८८२मध्ये, तो गेला. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या चाळणाऱ्या या न्यायाधीशाला चावडीचं मूळ नक्की सांगता आलं नाही, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्याकडे इतक्या पुराव्यावर तिला वेदांत नेऊन बसवलं असतं.

मद्रासमध्ये तिची खरी भानगड झाली ती इंग्रजांशी. १६३९मध्ये कंपनीला किनाऱ्यावरची वाळूची पट्टी मिळाली. किल्ला उभा राहिला, त्याच्या उत्तरेला हिंदी माणसांची वस्ती झाली, आणि त्या ब्लॅक टाउनमध्ये एक चावडी आली. सुरुवातीला तिथे देशी अधिकारीच न्याय करायचा. इंग्रजांच्या तोंडी तिचं नाव झालं 'चौल्ट्री'. मधला 'ल्ट्र' हा निव्वळ साहेबाच्या जिभेचा प्रसाद. पुढे १६७८मध्ये गव्हर्नर स्ट्रेनशम मास्टरनं कारभाराची घडी बसवली तेव्हा कंपनीचे गोरे नोकर या चौल्ट्रीत आठवड्यातून दोनदा न्यायाला बसू लागले. जकात, टांकसाळ आणि पगार यांचा हिशेब ठेवणारी ही माणसं, कायदा शिकलेली नव्हेत. कागदोपत्री त्यांचं बिरुद 'चौल्ट्रीचे न्यायाधीश'. आपल्या पाटलालाही कायद्याचं शिक्षण कुठे होतं? वसुली करणाऱ्यानंच निवाडा करायचा, ही चावडीची जुनी रीत साहेबानं बिनतक्रार उचलली.

त्या जुन्या ब्लॅक टाउनचं आता काही उरलेलं नाही. फ्रेंचांशी झालेल्या लढायांच्या काळात किल्ल्यासमोरची वस्ती पाडून मैदान केलं गेलं. आज त्याच पट्ट्यात मद्रास उच्च न्यायालयाची तांबडी, घुमटांची, १८९२ साली उघडलेली इमारत उभी आहे. जागेचा धंदा बदलला नाही, एवढंच.

किल्ल्याच्या नैऋत्येचं मोकळं रानही 'चौल्ट्री प्लेन' म्हणून नकाशात गेलं. डिसेंबर १७५८मध्ये फ्रेंच सेनापती लालीच्या फौजा मद्रास घ्यायला आल्या तेव्हा याच मैदानाची नोंद दोन्ही बाजूंच्या हकिगतीत येते. दोन महिने वेढा चालला आणि फेब्रुवारीत फ्रेंच उठून गेले. पुढे तिथे इंग्रजांची बागबगीच्यांची घरं झाली. मैदान संपलं आणि नावही.

पण चौल्ट्री शब्दाला तोवर आणखी एक अर्थ चिकटला होता, आणि तो चावडीचा नव्हता. दक्षिणेत वाटसरूंच्या मुक्कामासाठी, जेवणासाठी राजे आणि सावकार बांधत ते 'सत्तिरम्', म्हणजे आपलं अन्नछत्र. तंजावरच्या मराठ्यांना याचा फार षोक. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी वाटेवर छत्रं उभारली. त्यांतलं ओरत्तनाडूचं छत्र दुसऱ्या सरफोजीनं मुक्तांबेच्या नावानं बांधलं. साहेबानं चावडी पाहिली, छत्र पाहिलं, दोन्हीकडे खांब आणि उघडी ओसरी दिसली, आणि दोघांनाही चौल्ट्री करून टाकलं. एवढ्यावर थांबला नाही. मदुराईच्या मीनाक्षीसमोरचा तिरुमल नायकाचा कोरीव पुदु मंडप, तोसुद्धा अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांत चौल्ट्रीच. म्हणजे वसुलीची कचेरी, भुकेल्याचं जेवण आणि देवाचा वसंतोत्सव, तिघांना एकच नाव. हा गोंधळ चावडीला मानवला, असं माझं मत आहे. तिच्या अंगावर दानधर्माचं पुण्य आयतं जमा झालं.

उत्तर चेन्नईत रोयापुरमजवळ 'मॉनेगार चौल्ट्री' आहे. मॉनेगार म्हणजे मणियक्कारर, गावचा कारभारी, जवळजवळ आपला पाटीलच. हैदरअलीच्या स्वाऱ्यांनी मद्रासभोवतीचा मुलूख उजाड झाला, दुष्काळ पडला, आणि १७८२मध्ये इथे भुकेल्यांना पेज वाटायला सुरुवात झाली. पेज खायला येणारे आजारीही असत, म्हणून दवाखाना आला. त्यातूनच आजचं स्टॅन्ली रुग्णालय वाढलं. जुने चेन्नईकर त्याला अजून 'कंजी तोट्टी' म्हणतात, पेजेचं कुंड. स्टॅन्ली या इंग्रज गव्हर्नराचं नाव आणि पाटलाची चौल्ट्री दोन्ही पुसून लोकांनी फक्त पेज लक्षात ठेवली.

खरी चावडी मात्र शहराच्या कडेला, वेशीवरच राहिली. पूनामल्लीला लागून 'कुमणन्चावडी' नावाचा बस थांबा आहे. बंगळूरच्या जुन्या रस्त्यावरचा. कोइम्बतूरकडे केरळच्या हद्दीवर आणखी एक चावडी आहे, तिथे ट्रक तपासायला थांबतात. तमिळ माणसाच्या डोक्यात चावडी म्हणजे गप्पा नाहीत, चालत्याला अडवणारी जागा आहे. मला वाटतं, तिच्या सगळ्या अर्थांना बांधणारा दोरा हाच. दमलात, थांबा. सारा द्यायचा आहे, थांबा. गुन्हा केलात, थांबा. मत द्यायचं आहे, रांगेत थांबा. ती कधी हात धरून थांबवते, कधी काठी आडवी घालून.

बाकी ठिकाणची तिची खबर थोडक्यात. गोव्यात काणकोणचं मुख्य गावच चावडी. शिर्डीत साईबाबा १९०९पासून एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत निजत, त्यामुळे तिथे तिची आरती होते. महाराष्ट्राच्या महसूल खात्यानं सातबाऱ्याचं चावडीवाचन अजून ठेवलं आहे, आणि फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' नावाच्या संकेतस्थळावर लावतात. तिथे बसायला जोतं नाही, ही एक गैरसोय. दिल्लीत चावडी बाजार आहे. त्याचं नाव मराठीतून गेलं असं सांगतात. एके काळी तो तवायफांसाठी प्रसिद्ध होता, आता तिथे लग्नपत्रिकांचा घाऊक धंदा चालतो. आणि दक्षिणेत, विशेषतः बंगळूरकडे, लग्नाच्या हॉलला चौल्ट्री म्हणतात. तिचं भाडं ऐकून वधूपिता थांबतोच.