टायसन ऊर्फ बाळ्या

'पिटबुल' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जाड साखळी, काटेरी पट्टा आणि 'कुत्र्यापासून सावध रहा'ची पाटी! कोल्हापूरच्या आमच्या घरी दादाने टॉवेलात गुंडाळून आणलं ते मात्र दोन महिन्यांचं, पोट सुटलेलं, सारखं झोपणारं पिल्लू. दादाने नाव ठेवलं टायसन. आजी म्हणाली, "टायसन कसलं? बाळ्या म्हणा." पिल्लू दोन्ही नावांना ओ देत नव्हतं!

मला सुट्टी, म्हणून बाळ्या माझ्या वाट्याला आला. सबमिशनपेक्षा कडक टाईमटेबल! उठल्यावर, खाल्ल्यावर आणि एरवीही दर दोन तासांनी अंगणात न्यायचं. खाणं चार वेळा, थोडं थोडं. आजीची दूध-भाकरी बंद झाली, कारण बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. कांदा, द्राक्षं, चॉकलेट तर विषच. जंतांचं औषध, पार्व्हो-डिस्टेंपरची लस आणि तीन-चार आठवड्यांनी तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस.

पण खरा अभ्यास वेगळाच. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे ओळखीचं होतं, त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही. आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहायचे. भाजीवाली, हेल्मेटवाला पोस्टमन, शाळेची रिक्षा, सगळ्यांची ओळख परेड!

दादाला मात्र टायसनच हवा होता. टॉवेल ओढून तो त्याला गुरगुरायला लावायचा. त्याच्या मित्राने तर कान कापून घ्यायचा सल्ला दिला. बाबा एवढंच म्हणाले, "कान त्याचे आहेत." विषय संपला. माझा नियम साधा होता : दात लागले की खेळ बंद, पाठ फिरवायची. पंधरा दिवस हातांवर ओरखडे होते. मग हळूहळू त्याचा जबडा मऊ झाला.

एक दिवस शेजारचे काका आले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, त्यात पिटबुल होता. मी लगेच सांगितलं, की एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. काका शांतपणे म्हणाले, "पत्र रद्द झालं गं, पण माझी नात पाच वर्षांचीच आहे ना?"

यावर काय बोलणार?

या जातीचा इतिहास माणसानेच लिहिलाय. इंग्लंडमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ कायद्याने बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या आणि त्यासाठी बुलडॉग-टेरियरची ही पैदास वाढवली. अमेरिकेत २००७ साली फुटबॉलपटू मायकेल विकच्या झुंजीच्या अड्ड्यावरून सुमारे पन्नास पिटबुल सोडवले. त्यांतले कित्येक पुढे घरांत सुखाने राहिले, काही तर आजारी माणसांना धीर द्यायला जायचे. हे वाचून मला आनंद झाला. पण जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या आजींचा जीव घेतला, हेही खरंच. आमच्याही घरात आजी आहे.

मग बाबांनी सगळ्यांना बसवून नियम ठरवले. आजी किंवा लहान मूल आणि बाळ्या एकटे कधीच राहणार नाहीत. फाटकाला दोन कड्या. बाहेर पट्टा आणि तोंडाला जाळी, तीही आत्तापासून खाऊ देऊन सवयीची करायची. गुरगुरायला शिकवणं बंद. मी हॉस्टेलला परतल्यावर रोज सकाळी सहाला दादा त्याला फिरवणार. दादा कुरकुरला, पण काकांकडे तोच जाऊन हे सगळं सांगून आला.

बाळ्यावर माझा विश्वास नाही असं नाही. पण वीस-पंचवीस किलोच्या, असा जबडा असलेल्या प्राण्यावर प्रेम करायचं, तर फाटकाची कडी रोज आठवणीने लावणं हाही प्रेमाचाच भाग आहे. त्याच्या हातून काही वाईट घडलं, तर काकांच्या नातीइतकंच त्याचंही आयुष्य पणाला लागेल.

तेव्हा दोस्तहो, रीळ बघून पिल्लू आणायचा विचार असेल तर एक गणित करा. आपलं इंजिनिअरिंग चार वर्षांत सुटतं (के.टी. नसतील तर!). हा कोर्स बारा-चौदा वर्षांचा आहे, आणि यात एकही दिवस बंक मारता येत नाही.