दिपवणारे आणि मुरणारे

वादकाची तयारी आणि त्याचा संयम यांच्यातील ताण कोणत्याही संगीतपरंपरेला नवा नाही. तथापि १९७०च्या आसपास इंग्लंडमध्ये बहराला आलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारात तो विशेषेकरून कीबोर्डवादकांच्या वाट्याला आला. त्याचे एक कारण वाद्याच्या घडणीतच आहे. गिटारवादक वाद्य गळ्यात अडकवून रंगमंचाच्या कडेपर्यंत येतो, तार ओढून स्वर वाकवतो. ऑर्गनवादक मात्र एका अवजड लाकडी कपाटाआड बसलेला असतो; पट्टी दाबली की स्वर जेथे आहे तेथेच उमटतो. पेटीवर मींड निघत नाही हा आपल्याकडचा जुना आक्षेप याच जातीचा. ऑल इंडिया रेडिओने १९४०पासून तीन दशके पेटीला दाराबाहेर ठेवले, ते अशाच कारणांनी. रॉकमधील कीबोर्डवादकाने मग त्या कपाटाचेच नाट्य करावे, किंवा कपाटाआड राहण्यातच काही अर्थ शोधावा.

कीथ इमर्सनने नाट्य निवडले. ‘द नाइस’ या आपल्या आधीच्या वाद्यवृंदात असतानाच तो हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांमध्ये सुरा खुपसत असे. ही केवळ मर्कटचेष्टा म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. सुऱ्याने पट्ट्या दाबून धरल्या की तेथील स्वर घुमत राहतो आणि दोन्ही हात अन्यत्र फिरायला मोकळे होतात. तंबोऱ्याचे काम सुऱ्याकडून करून घेतले म्हणावे, इतकेच. १९७०मध्ये ‘इमर्सन, लेक अँड पामर’ स्थापन झाल्यावर या नाट्याला सीमा राहिली नाही. मुसॉर्गस्कीची ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही अभिजात पियानोरचना त्यांनी रॉकच्या श्रोतृवर्गापुढे उभी केली, आणि ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील एका महोत्सवात इमर्सन पियानोसकट हवेत उचलला जाऊन गरगर फिरला. ते दृश्य अनेकांच्या स्मरणात राहिले. त्या क्षणी काय वाजत होते ते मात्र फारच थोड्यांच्या.

आणि तरीही इमर्सनचे सर्वांत टिकलेले वादन कोणते, असे विचारले तर उत्तर भलतीकडेच जाते. ‘लकी मॅन’ हे ग्रेग लेकचे साधे गीत. त्याच्या अखेरीस इमर्सनने मूग सिंथेसायझरवर जवळजवळ सहज, चाचणीदाखल काही वाजवले, आणि तेच ध्वनिमुद्रिकेत ठेवले गेले. त्यात बोटांचा वेग नाही. एक स्वर दुसऱ्याकडे घसरत, ओघळत जातो, खाली बुडतो, पुन्हा वर येतो. मूगमुळे कीबोर्डला प्रथमच ऐसपैस मींड लाभली होती, आणि ती हाती येताच या सर्वांत चपळ वादकालाही काही काळ घाई करावीशी वाटली नाही.

रिक वेकमनच्या बाबतीतही लोकांच्या नजरेत भरली ती चकाकती आवरणवस्त्रे आणि १९७५मध्ये वेम्ब्ली येथे बर्फावर सादर केलेली राजा आर्थरची कथा. पण डेव्हिड बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स?’मधील पियानो याच हातांचा आहे, आणि तो गाण्याची चढती ओळ उचलून धरतो, तिच्यापुढे धावत नाही. म्हणजे झगमगाट आणि तरलता हे दोन स्वभाव असतातच असे नाही. एकाच हातांतून दोन्ही निघू शकतात. कोणासाठी वाजवायचे, यावर ते ठरत असावे. १९७३मध्ये ‘येस’ या वाद्यवृंदाचा गायक जॉन अँडरसन याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून चार दीर्घ रचनांची एक दुहेरी ध्वनिमुद्रिका योजली. श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे यांवर आधारलेल्या या पसाऱ्यात वेकमनला आपल्याजोगे फारसे काही सापडेना. मँचेस्टर येथील प्रयोगात वाजवता वाजवता आपण करी खाल्ली, असे तो स्वतःच सांगत आला आहे. पुढल्या वर्षी त्याने ‘येस’ सोडले. भारतीय अध्यात्माला भारतीय जेवणाने दिलेले हे उत्तर काहीसे उर्मट खरे, पण प्रामाणिक आहे.

‘पिंक फ्लॉइड’चा रिचर्ड राइट या मंडळीत बसवावा की नाही, असा प्रश्न पडावा इतके त्याचे वादन कमी बोलते. १९७१च्या ‘एकोज’ या तेवीस मिनिटांच्या रचनेचा आरंभ पियानोच्या एका उंच स्वराने होतो. तो स्वर फिरत्या भोंग्याच्या लेस्ली स्पीकरमधून नेल्यामुळे पाण्याखालून आल्यासारखा भासतो. तो एवढा एक स्वर काढून टाकला, तर पुढची सारी रचना कोठून सुरू व्हावी हेच कळेनासे होईल. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘ब्रीद’ या गीतात त्याने माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये ऐकलेली एक कॉर्ड योजली. ती आली आणि गेली हे श्रोत्याच्या लक्षात येत नाही. गीताचा रंग तेवढा किंचित काळवंडलेला असतो. इमर्सनचे वादन दिपवते, राइटचे मुरते. पहिले वगळले तरी गीत बहुधा उभे राहते. दुसरे वगळता येत नाही. या कसोटीवर राइट श्रेष्ठ ठरतो, असे म्हणण्यात संकोचाचे कारण नाही.

परंतु मुरलेले दिसत नाही, हीच त्याची अडचण. १९७९मध्ये ‘द वॉल’चे ध्वनिमुद्रण चालू असताना राइटचे योगदान अपुरे ठरवून त्याला वाद्यवृंदातून दूर करण्यात आले. पुढील दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवीत राहिला. खर्चिक दौरा तोट्यात गेला आणि चौघांपैकी पैसे मिळाले ते या पगारदारालाच. ज्यांच्या गाण्यांत त्याचे स्वर विरघळले होते त्यांनाही ते ऐकू येईनासे झाले असतील, तर परक्या श्रोत्याला काय दोष द्यावा!

दिपवणाऱ्यालाही किंमत द्यावी लागली, आणि ती अधिक भयंकर होती. इमर्सनच्या उजव्या हाताच्या मज्जातंतूंना इजा झाली होती. बोटे पूर्वीसारखी चालत नव्हती. वेगासाठी ओळखला जाणारा हा वादक मंद झाल्यावर काय वाजवणार होता? ‘लकी मॅन’च्या अखेरीस याचे एक उत्तर होते, पण श्रोत्यांनी आणि त्याने स्वतःही ते कधी पुरेसे मानले नाही. जपानमधील कार्यक्रम तोंडावर आलेले असताना, मार्च २०१६मध्ये त्याने आपले जीवन संपवले.

त्याच वर्षी जुलैमध्ये डेव्हिड गिल्मर पाँपेईच्या प्राचीन प्रेक्षागृहात परतला. १९७१मध्ये याच ठिकाणी, समोर एकही प्रेक्षक नसताना, ‘एकोज’चे चित्रीकरण झाले होते. राइटला जाऊन तेव्हा आठ वर्षे होत आली होती. या वेळी प्रेक्षक होते, वाद्ये होती, तो स्वर वाजवू शकणारे वादकही होते. राइटवाचून ते वाजवायचे नाही असे गिल्मरने ठरवले होते, आणि ‘एकोज’ वाजले नाही.