पगार कोणाला विचारावा?

पगार हा शब्द पोर्तुगीजांच्या संगतीनें मराठींत आला असें कोशकार सांगतात. परंतु तो आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, त्याचें परकेपण आतां कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. महिना सरत आला म्हणजे गृहिणी वाण्याची यादी पुढें ढकलते, मुलांच्या चपला आणखी आठ दिवस चालतील असें ठरतें, आणि 'पगार झाला म्हणजे पाहूं' या एका वाक्यावर सारा संसार तग धरून राहतो. या वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पगार झाला नाहीं, कमी झाला, किंवा झाला असें म्हणतात पण हातीं पडला नाहीं, तर कोणाला विचारावयाचें हें घरांतील कर्त्या माणसाला ठाऊक असतें. पगाराबरोबर मनुष्याला हा विचारण्याचा हक्कही मिळत असतो. त्याची किंमत मात्र तो नाहींसा होईपर्यंत कळत नाहीं.

जुन्या व्यवस्थेंत हें विचारणें सोपें होतें. कारखान्याच्या कचेरींत खिडकीमागें एक कारकून बसे. त्याच्यापुढें पगारपत्रक असे, आणि नांवासमोर सही किंवा अंगठा घेऊन तो नोटा मोजून देई. हिशेब चुकला तर मजूर तेथल्या तेथें तक्रार करी. कारकून खेंकसला, 'उद्यां ये' म्हणाला, तरी तो नांवागांवाचा एक माणूस होता. आठवड्याच्या बाजारांत गांठ पडली तर तेथेंही त्याला हटकतां येत असे. या पद्धतींत लबाडी नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. पंधरा रुपयांवर अंगठा घेऊन बाराच हातावर ठेवणारे महाभाग त्या खिडकीमागेंही बसत, आणि ऊसतोडणीच्या उचलीचा हिशेब एकट्या मुकादमाच्या वहींत राहिला म्हणजे काय होतें, हें सांगली-साताऱ्याकडील वाचकांना मीं सांगावयास नकोच.

मजुरी कोणत्या रूपांत द्यावी हा प्रश्न म्हणूनच कायद्यानें फार पूर्वीं हातीं घेतला. इंग्लंडांत १८३१ सालीं असा कायदा झाला कीं, त्यांत नमूद केलेल्या धंद्यांतील मजुरांना वेतन नाण्यांतच द्यावें. मालकाच्या दुकानांतील माल त्यांच्या गळ्यांत बांधून बोळवण करूं नये. आपल्याकडील १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यानें वेतन चलनी नाण्यांत किंवा नोटांत देण्याचा दंडक घातला, आणि हजारांहून कमी माणसें असलेल्या कारखान्यांत तें महिना संपल्यावर सात दिवसांच्या आंत, तर मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांच्या आंत हातीं पडलें पाहिजे, असें ठरविलें. नोटाबंदीनंतर, २०१६ च्या डिसेंबरांत, वटहुकूम निघाला व २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. मजुराची लेखी संमति नसतांही वेतन धनादेशानें किंवा बँकेच्या खात्यांत देतां येऊं लागलें. २०२५ च्या नोव्हेंबरांत अमलांत आलेल्या वेतन संहितेनेंही ही वाट मोकळी ठेवली आहे. पैशाची नोंद राहते, मधला लोभी हात आंखडतो. हा लाभ लहान नव्हे.

परंतु खातें आणि कार्ड यांत एक भेद आहे, तो वरून दिसत नाहीं. खातें म्हटलें म्हणजे पासबुक असतें, शाखा असते, शाखेंत ओळखीचा एखादा तरी चेहरा असतो. कित्येक ठिकाणीं, विशेषतः ठेकेदारामार्फत कामावर घेतलेल्या माणसांना, अशा खात्याऐवजीं आगाऊ पैसे भरलेलें कार्ड मिळतें. मालक महिन्याच्या महिन्याला त्यांत रक्कम भरतो. कार्ड काढणारी बँक किंवा कंपनी ती सांभाळते. पुष्कळदां कार्डाचा रोजचा कारभार पाहणारी आणखी एक मंडळी मध्यें असते. आणि पैसे ज्यांतून काढावयाचे तें यंत्र भलत्याच बँकेचें असतें. इतके हात मिळून एक पगार देतात. सारें सुरळीत चाललें असतां हे हात दिसतही नाहींत; बिघडलें म्हणजे मात्र प्रत्येक हात दुसऱ्याकडे बोट दाखवूं लागतो.

हा प्रकार मला एकदां अगदीं जवळून पाहावयास मिळाला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत माल बांधण्याच्या कामावर जाणाऱ्या एक बाई आमच्या आळींत राहतात. एका शनिवारीं संध्याकाळीं विश्रामबागेंतील एका यंत्रांतून त्या तीन हजार रुपये काढावयास गेल्या. यंत्र घरघरलें, पावती आली, मोबाईलवर पैसे वजा झाल्याचा निरोप आला; नोटा तेवढ्या आल्या नाहींत. सोमवारीं अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या ठेकेदाराकडे गेल्या. तो म्हणाला, "मी पैसे भरले, माझें काम संपलें, बँकेंत जा." ज्या बँकेचें यंत्र होतें तिच्या शाखेंत त्या गेल्या. तेथील मनुष्य सभ्य होता, पण तोही म्हणाला, "बाई, हें आमचें कार्ड नाहीं." बुधवारीं पुन्हां अर्धा दिवस मोडून, कार्डावर जिचें नांव होतें त्या बँकेच्या शाखेंत त्या गेल्या, तर तेथें विचारणा झाली, "खातेक्रमांक काय? पासबुक कोठें आहे?" या कार्डाला पासबुक नसतें, हें त्यांना ठाऊक होतें, खिडकीमागच्या माणसाला तें सांगण्याचा धीर मात्र झाला नाहीं.

त्याच रात्रीं त्या आमच्याकडे आल्या, आणि कार्ड माझ्यापुढें ठेवून म्हणाल्या, "काका, ह्यात माझा पगार हाय म्हणत्यात. पर इचारायचं कुणाला, ते कुणीच सांगंना." तीन हजारांची त्यांना चिंता होतीच, परंतु त्या बोलण्यांत चिंतेहून निराळें कांहीं होतें. स्वतःच्या घामाचे पैसे मागतांना आपण भीक मागत आहोंत कीं काय, असें वाटूं लागलेल्या माणसाचा तो आवाज होता. पगाराची चौकशी करण्यासाठीं त्यांनीं दोन अर्धे दिवस, म्हणजे एका पुऱ्या दिवसाचा पगार, घालविला होता.

"वहिनी, पैसे कोणाकडे अडकले तें आधीं पाहूं," मी म्हणालों. कार्ड उलटें करून पाहिलें, तों मागच्या बाजूस बारीक अक्षरांत तें काढणाऱ्या बँकेचें नांव आणि चौकशीचा क्रमांक दिलेला होता. एक दाबा, दोन दाबा, असा बराच द्राविडी प्राणायाम झाल्यावर पलीकडून एक जिवंत माणूस बोलूं लागला. त्याला पावतीवरचा क्रमांक, तारीख, वेळ व रक्कम सांगितली आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतला. तेवढ्यावर न थांबतां तोच मजकूर कागदावर लिहून बँकेकडे रवाना केला, व त्याची एक प्रत ठेकेदारालाही दिली. त्या शनिवारनंतर नवव्या दिवशीं तीन हजार रुपये कार्डांत परत जमा झाले. यंत्रांतून नोटा न येतां पैसे वजा झाले तर ते पांच दिवसांत परत करावे, पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, आणि ती ग्राहकानें मागण्याची वाट पाहूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या सप्टेंबरांतील परिपत्रकानें ठरवून दिलें होतें. येथें ती आपण होऊन आली नाहीं. दुसरें पत्र गेल्यावर चारशें रुपये आले.

यांत कांहीं विशेष विद्वत्ता लागली असें नाहीं. प्रश्न कोणाचा आहे तेवढें ओळखलें म्हणजे निम्में काम होतें. पगाराच्या कार्डासंबंधींचे प्रश्न बहुधा तीन घरांत बसतात. रक्कम जमाच झाली नाहीं, कमी झाली, कापली ती कशापायीं तें कळत नाहीं, हे प्रश्न मालकाचे किंवा ठेकेदाराचे. बँकेला त्यांतलें कांहीं ठाऊक नसतें. तेथें दाद लागली नाहीं तर जिल्ह्याच्या ठिकाणीं कामगार खात्याची कचेरी आहे. रक्कम जमा झाली पण निघत नाहीं, निघालेली दिसते पण हातीं आली नाहीं, कार्ड अडकलें, हरवलें, मुदत संपली, हे प्रश्न कार्ड काढणाऱ्या संस्थेचे. यंत्र मग कोणाचेंही असो. मुदतीनंतर कार्ड निकामी होतें, आंतील पैसे त्यामुळें बुडत नाहींत, हेंही येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तिसरें घर चोरीचें. आपण न केलेला खर्च दिसला तर क्षणाचाही विलंब न लावतां कार्ड बंद करवावें. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या जुलैंतील परिपत्रकानें अशी तजवीज केली कीं, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिऱ्हाइतानें दगा केला असेल, आणि खर्चाची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकानें वर्दी दिली असेल, तर त्याला कांहींच तोशीस लागूं नये. चार ते सात दिवस गेले तर अशा कार्डावर त्याच्या अंगावर दहा हजारांपर्यंत रक्कम पडावी. पहिल्या दोन घरांत उशीर झाला तर मनस्ताप होतो. येथें उशिराला रुपयांत किंमत मोजावी लागते.

एवढें करून महिनाभर उत्तर आलें नाहीं, किंवा तक्रार धुडकावून लावली, तर बँकांच्या वर एक दार आहे. १९९५ सालीं बँकिंग लोकपालाची योजना सुरू झाली, आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यांत आल्या. आधीं संस्थेकडे तक्रार करावी, तीस दिवस वाट पाहावी, मग लोकपालाकडे यावें, असा त्या एकत्र योजनेचा क्रम होता. तिला फी नव्हती, वकिलाची गरज नव्हती, आणि माहितीसाठीं ठेवलेल्या १४४४८ या क्रमांकावर मराठींतूनही बोलण्याची सोय झाली. ज्याच्या हातीं तक्रारीची तारीख आणि क्रमांक आहे, त्यालाच हें दार उघडतें; तोंडी तक्रारीचे तीस दिवस कोठून मोजावयाचे?

हात पुष्कळ झाले म्हणजे गोंधळ व्हावाच, असें मात्र नाहीं. सांगलीच्या पेठेंत हळदीचीं पोतीं वाहणाऱ्या हमालाची मजुरी पूर्वीं व्यापाऱ्याच्या मर्जीवर असे. १९६९ च्या माथाडी कायद्यानें मंडळें स्थापण्याची तरतूद केली. व्यापाऱ्यानें मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळानें ती हमालाला द्यावी, अशी योजना झाली. येथेंही पैसा मधल्या हातांतूनच जातो. परंतु त्या हाताला कचेरी आहे, पाटी आहे, आणि मंडळावर कामगारांचे प्रतिनिधीही बसतात. तशीच गोष्ट आपल्या सांगली बँकेची. १९१६ सालीं निघालेली ही बँक २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली. पाटी बदलली त्या दिवशीं जुन्या खातेदारांना हुरहूर वाटली असेल. परंतु त्यांच्या ठेवींचा जाब यापुढें कोण देणार, याविषयीं शंकेला जागा नव्हती. मधला हात हा दोष नव्हे. त्या हाताचा धनी ठाऊक नसणें हा दोष आहे.

अमेरिकेंत पगारी कार्डांचा प्रसार आपल्याहून फार झाला आहे. तेथें १ एप्रिल २०१९ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं, कार्डाबरोबर द्यावयाच्या कागदावर अगदीं आरंभींच, हें कार्ड घेण्याची तुमच्यावर सक्ति नाहीं अशा अर्थाचें वाक्य छापणें बंधनकारक केलें. एका वाक्यानें जग बदलत नाहीं. परंतु तें वाक्य वाचणाऱ्या मजुराला एवढें तरी समजतें कीं, पगार कसा घ्यावा याविषयीं आपल्यालाही कांहीं बोलावयाचा अधिकार आहे.

खरें दार सांपडलें नाहीं म्हणजे मनुष्य खोट्या दारांत शिरतो, हा यांतील मोठा धोका. गोंधळलेला माणूस मोबाईलवर मदतीचा क्रमांक शोधतो, आणि भामट्यांनीं आपलेच क्रमांक तेथें पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा आवाज गोड असतो, मराठीही बोलतो. खऱ्या कचेरींत न मिळालेली आस्था त्याच्याकडे भरपूर असते. तो कार्डाचे आंकडे विचारतो, मग मोबाईलवर आलेला गुप्त अंक विचारतो, आणि अडकलेल्या पैशाबरोबर उरलेलेही घेऊन जातो. म्हणून क्रमांक घ्यावयाचा तो कार्डाच्या पाठीवरचा किंवा मालकानें लिहून दिलेला. आणि गुप्त अंक विचारणारा कितीही आर्जवी असला तरी तो आपला नव्हे, हें खूणगांठ बांधून ठेवावें. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें.

आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांना या सर्वांत काय करतां येईल? द्रव्याची मदत करणें नेहमींच शक्य नसतें, आणि येथें तिची गरजही नाहीं. आपल्या घरीं येणाऱ्या-जाणाऱ्यांत, शेजारांत, असें कार्ड बाळगणारें कोणी ना कोणी असतेंच. त्यांच्या कार्डामागचें नांव व क्रमांक एका वहींत उतरवून द्यावें. अडचण आली तर चार ओळींचें पत्र लिहून त्याची पोंच जपून ठेवण्यास सांगावें. साक्षरतेचा याहून सरळ उपयोग मला तरी दिसत नाहीं. परंतु पहिलें कर्तव्य कामावर ठेवणाराचें. पगाराचें कार्ड हातीं देतांना, बिघाड झाल्यास कोणाला, कोठें व केव्हां विचारावयाचें, तें मराठींत अर्ध्या पानावर लिहून देण्यास त्याला खर्च कितीसा येणार? तें अर्धें पान ज्याच्या पदरीं नाहीं, त्याला महिन्याची रक्कम पुरी मिळाली तरी पगार अपुराच मिळाला, असें मी समजतों.