जळजळ एकाची, खडे दुसऱ्याचे

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पित्ताशयात खडे असल्याची एक ओळ आली, की घरातल्या सगळ्या तक्रारी त्या खड्यांच्या खात्यावर जमा होतात. छातीतली जळजळ, आंबट ढेकर, फुगलेलं पोट, सकाळी ब्रश करताना येणारे उमासे, सगळं खड्यांमुळे. मग रिपोर्ट माझ्या टेबलावर येतो आणि पाठोपाठ प्रश्न: "डॉक्टर, पिशवी काढली की पित्त कायमचं जाईल ना?"

पुष्कळदा माझं उत्तर ‘नाही’ असतं. सर्जनच ऑपरेशनला नको म्हणतो म्हटल्यावर काहींना वेगळीच शंका येते आणि ते दुसरा सर्जन गाठतात. तो त्यांचा हक्क आहे.

छाती जाळणारं आम्ल जठरात तयार होतं. पित्तरस बनतो यकृतात, दिवसाला पाऊण-एक लिटर. पित्ताशय तो नुसता साठवतं. मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण त्यातलं पाणी शोषून घेऊन तो चांगलाच दाट केलेला असतो. करंजीतलं तूप लहान आतड्यात उतरलं, की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. १९२८ मध्ये अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते शोधून काढलं. त्याचा इशारा मिळाला की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात येतं. पण हे संप्रेरक तेवढ्यावर थांबत नाही. ते जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करतं. त्यामुळे चकली-शेवेच्या त्याच ताटानंतर एकाचं आम्ल वर येतं, तर दुसऱ्याच्या पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकतो. ज्याच्याकडे दोन्हींची तयारी आहे, त्याला दोन्ही होतं. वाढलेला पोटाचा घेर दोन्हींना पोसतो, म्हणून असे लोक बरेच भेटतात.

यातलं कोणतं दुखणं कुणाचं, हे सोनोग्राफी सांगत नाही. रुग्ण सांगतो, विचारलं तर. जळजळ बहुधा रोजची असते. वाकलं, जेवून लगेच आडवं झालं की वाढते, घशाशी आंबट येतं आणि अँटासिडचे दोन घोट घेतले की थोड्या वेळात शमते. खड्याची कळ वेगळी. रात्री जेवणानंतर काही तासांनी ती छातीच्या पिंजऱ्याखाली, मधोमध किंवा उजवीकडे सुरू होते. पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जाते. माणूस एका जागी बसू शकत नाही, खोलीत येरझाऱ्या घालतो. अर्धा तास तरी टिकते, कधी चार-पाच तास, मग ओसरते आणि पुढे कित्येक आठवडे काहीच नसतं. याच शांत काळामुळे घोटाळा होतो. घरचे म्हणतात, पित्त झालं होतं, गेलं. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोलची गोळी सुरू होते आणि वर्षं जातात. कळीसोबत ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि छातीत दाटून दरदरून घाम आला, तर आधी ईसीजी, मग माझ्याकडे.

अशी कळ येत असेल, तर पित्ताशय काढावं, उगाच वाट पाहू नये. कुळथाच्या पाण्याने किंवा पानफुटीच्या पाल्याने पित्ताशयातला खडा पडत नाही. लघवीच्या वाटेशी त्याचा संबंधच नाही. उलट बारीक खडा घरंगळून मुख्य नळीत अडकला, तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून हिरवे ‘खडे’ पाडणारेही भेटतात. असे खडे २००५ मध्ये न्यूझीलंडच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं. प्यायलेल्या तेलाचाच तो पोटात झालेला साबण होता.

कळ नसेल, तर? १९८२ मध्ये मिशिगन विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीत खडे आढळलेल्या, पण त्रास नसलेल्या १२३ जणांपैकी पंधरा वर्षांत साधारण १८ टक्क्यांनाच कळ आली. फार मोठा खडा, पॉलिप, भिंतीत कॅल्शियम, अशा मोजक्या बाबी सोडल्या, तर मुक्या खड्यांना हात लावायचं कारण नसतं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि बरगडीखालचा लांबलचक छेद हळूहळू आपल्याकडून हद्दपार झाला. रुग्णांचं त्यात भलं झालं यात वाद नाही. पण ऑपरेशन सोपं झालं तसा ते करायचा निर्णयही सैल झाला, असं मला वाटतं.

तो इतका सैल असू नये, कारण पित्ताशय गेल्यावर पित्त साठायला जागा उरत नाही. गळक्या नळासारखं ते दिवसभर आतड्यात ठिबकतं आणि काहींत उलटं जठरात शिरतं. जळजळ आधीचीच असेल, तर ती राहते, क्वचित वाढतेही. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पित्ताला अडवू शकत नाहीत. असा रुग्ण मग माझ्याच दारात "पिशवी काढूनही पित्त आहेच" म्हणत उभा राहतो.

जळजळीवर वजन उतरवणं हा खरा उपाय आहे. मात्र दिवाळीचा फराळ संपला की एकदम सूप आणि काकडीवर येणाऱ्यांना मी थांबवतो. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरलं, तर खडे होण्याचा धोका वाढतो. यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि ताटात स्निग्ध काहीच नसल्याने पित्ताशय आकसतच नाही, पित्त तिथेच साचून राहतं. आठवड्याला अर्धा किलो पुरे, आणि वरणावर चमचाभर तूप राहू द्यावं.