सैल सांधे

माणसाची पारख त्याच्या बोलण्यावरून करावी, असे म्हणतात. वस्तूची पारख मात्र तिच्या सांध्यांवरून करावी, असे माझे मत आहे. दार कुरकुरते ते बिजागरीपाशी. छत्री दगा देते ती काड्या जिथे जुळतात तिथे. खाट डुगडुगते तीही पाय आणि पाटी यांच्या भेटीच्या जागी. आमच्या मोरगावात तर एका मोडक्या गाडीने इतिहास नाही तरी आख्यायिका घडविली आहे. मयूरेश्वराच्या देवळासमोर भला मोठा नंदी बसलेला आहे. गणपतीपुढे नंदी कसा, असे यात्रेकरू हटकून विचारतात. आम्ही सांगतो, की हा नंदी एका शिवमंदिराकडे चालला होता. गाडी येथे मोडली आणि नंदी काही केल्या हलेना! गाडीचे नेमके काय निखळले हे कथा सांगत नाही. मी मात्र मनाशी धरून चाललो आहे, की तो एखादा सांधाच असावा.

या विषयात मला गोडी लागली ती आमच्या पुतणेमहाशयांमुळे. वय वर्षे चौदा. दिवाळीत इतर मुले किल्ल्यावर मावळे मांडतात. यांच्या किल्ल्याच्या महाद्वारावर पहारा असतो तो मालमोटारीचा! शत्रू दिसताच ती मालमोटार उभी राहते, तिला हातपाय फुटतात आणि तिचा यंत्रमानव होतो. ही जात मूळची जपानची. 'ताकारा' नावाच्या कंपनीने 1980 साली 'डायाक्लोन' ही खेळणी काढली. पुढे अमेरिकेतल्या 'हॅस्ब्रो'ने त्यांतली आणि त्यांच्या भावंडांतली काही घेऊन 1984 साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली. आता त्यांच्या नकला देवळाच्या वाटेवरच्या दुकानांतही, पेढ्यांच्या आणि दूर्वांच्या शेजारी, टांगलेल्या दिसतात.

रूप बदलणाऱ्या खेळण्याचे सारे दैव सांध्यांत असते. शाळेत मी मुलांना बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा शिकवितो. कोपर एकाच दिशेने मिटते. खांदा चहूंकडे फिरतो. ते दोन्ही या बाहुल्यांत जसेच्या तसे आढळतात. पण मोटारीचा माणूस आणि माणसाची मोटार असे शेकडो वेळा झाले, की प्लॅस्टिक झिजते, उखळ रुंदावते आणि योद्धा गुडघ्यांतून बसतो. पुष्कळ घरी त्या वेळी त्याची रवानगी अडगळीत होते. आमच्या घरी मात्र तो शस्त्रक्रियेच्या मेजावर जातो.

पुतण्याची ही शस्त्रक्रिया पाहण्यासारखी असते. उखळीतून गोळी अलगद निघते. तिच्यावर नखांच्या बिनरंगी पॉलिशचा पातळ हात फिरतो. ते पुरते वाळू द्यायचे, गोळी बसवून पाहायची, सैल वाटली तर आणखी एक हात. "एकदम जाड थर दिला की सांधा अडतो, काका, आणि जोर लावला की उखळच फुटते," हे त्याचे पहिले सूत्र. गुडघ्याची आस धातूची असते. तिच्या एका टोकाला बारीक दाते असतात. म्हणून ती ठोकून काढायची ती गुळगुळीत टोकाकडून. नाहीतर दाते भोक कातरीत जातात. घट्ट सांध्याला तेल लावू का, असे आमच्या मातोश्रींनी विचारले, तेव्हा त्याने हात जोडले. काही प्लॅस्टिकांना तेल बाधते आणि त्यांना तडे जातात म्हणे! जुन्या खेळण्यांतले सोनेरी झाकेचे काही प्लॅस्टिक तर वर्षानुवर्षे नुसते ठेवले तरी ठिसूळ होते. ते ओळखून त्याला हात न लावणे, हेही कौशल्यच. सुरुवातीच्या पिढीतल्या पुष्कळ बाहुल्यांची मान वळत नसे. अशा एकीची मान कापून त्याने तिथे दुसऱ्या मोडक्या खेळण्यातली गोळी बसविली. त्या दिवशी त्या योद्ध्याने प्रथमच बाजूला वळून पाहिले. मला वाटते, त्याच्यापेक्षा आमच्या मुलाचाच चेहरा अधिक उजळला होता.

मातोश्री हे सारे ओसरीवरून पाहत असत. ओसरीवरून, कारण त्यांचे गुडघे त्यांना अंगणात येऊ देत नव्हते. देवळाच्या पायऱ्या सुटून दोन वर्षे झाली होती. खालूनच हात जोडून त्या परतत. पुण्याच्या डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला होता आणि त्यांनी साफ नकार दिला होता. "देवाने दिलेले आहे तेवढे पुरे," एवढेच त्या म्हणत. आम्ही दोघे भाऊ समजावून थकलो.

एके दिवशी त्यांनीच नातवाला विचारले, "का रे, माझ्या गुडघ्यालासुद्धा हे असेच करतात का?" त्याने पुस्तक शोधले, चित्र काढले. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या माथ्यावर धातूचे ताट आणि दोहोंमध्ये प्लॅस्टिकची गादी! "म्हणजे मी मालमोटार होणार," असे म्हणून त्या हसल्या. त्या हसण्यानंतर नकाराची धार बोथट झाली. डॉक्टरांसमोर त्यांनी एकच अट घातली: "फार घट्ट करू नका हो. आमचा मुलगा म्हणतो, फुटते." डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. "आजी, आम्हीही तसेच करतो," ते म्हणाले. "निरनिराळ्या जाडीच्या गाद्या आधी बसवून पाहतो, ढिला नको आणि आवळलेलाही नको."

शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे आठवडे कठीण गेले. नवा गुडघा हलविला नाही तर आखडतो, आणि हलविला तर डोळ्यांत पाणी येते. नातू शेजारी बसून वाकविण्याची मोजदाद करी. त्या त्याला शिव्या देत आणि आणखी एकदा वाकवीत. माघी चतुर्थीच्या गर्दीनंतर, एका निवांत सकाळी, त्या कठड्याला धरून पायऱ्या चढल्या. वर पोहोचल्यावर त्यांनी प्रथम नंदीकडे वळून पाहिले, मग देवाकडे.

व्याकरणाच्या तासाला मी संधी शिकवितो. संधी म्हणजे सांधाच. मुलांना उदाहरण द्यायला मला गावाबाहेर जावे लागत नाही. मयूर आणि ईश्वर एकत्र येतात, तेव्हा पहिल्याचा 'अ' जातो, दुसऱ्याची 'ई' जाते आणि दोहोंच्या जागी 'ए' येतो: मयूरेश्वर! कुणी एकाने हट्ट धरला असता, तर शब्द जुळलाच नसता. घरातली माणसे असोत, हाडे असोत की प्लॅस्टिकची गोळी आणि उखळ असो. दोघांनी आपले थोडे सोडल्याशिवाय सांधा होत नाही, आणि सगळेच सोडले तर तो टिकत नाही. किती सोडायचे आणि किती धरायचे, एवढे ज्याला उमगले, त्याची गाडी वाटेत मोडली, तरी जिथे मोडेल तिथे त्याला देव भेटेल.