विंचवाची नोंद

नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे नाव निघाले की औष्णिक वीजकेंद्राची धुराडी डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या आसपास शेती आहे, किराणा-भुसाराची दुकाने आहेत आणि बारदानाच्या थप्पीखाली कधीमधी विंचूही निघतो. लाल विंचू चावलेल्या हमालाचे हातपाय गार पडू लागले, घाम व ओकाऱ्या सुरू झाल्या, तर डॉक्टर आज प्राझोसिनची गोळी देतात. ही गोळी मुळात रक्तदाबावरची. ती विंचवावरही चालते, हे त्यांना कोणी सांगितले?

उत्तर कोकणात सापडते. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपत राहिले. रुग्ण वेदनेने नव्हे, तर हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचल्याने दगावतो, हे त्या नोंदींतून उमगले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापला. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांतील मृत्यू शेकडा तीसच्या आसपास होते. ते एकाच्या घरात आले.

व्यापारी वाचकाला यातले मर्म सांगायला नको. मालकाने वही कितीही चोख लिहिली, तरी बँक पाहते ती लेखापरीक्षकाची सही. महाडचा अनुभव परक्या जाणकारांच्या नजरेखालून गेला, म्हणूनच बावस्करांना कधीही न भेटलेला डॉक्टर त्यावर विसंबू शकला.

छापील ते सारे खरे, असे मात्र नव्हे. जमेची बाजू छापायची आणि नावेची दडपायची, ही खोड वैद्यकातही आहे. औषध कंपनीच्या पैशाने झालेले संशोधन वाचताना तर ती विसरू नये. बावस्कर दांपत्याने आपलीच गोळी कसाला लावली. सत्तर रुग्णांपैकी पस्तिसांना केवळ प्राझोसिन, पस्तिसांना जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले. दहा तासांत पहिल्या गटातले ८ बरे झाले, दुसऱ्यातले ३२. हा निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांच्याच नावाने आला.

प्रतिविष शिरेतून द्यावे लागते. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. तेव्हा गोळ्या गल्ल्यात ठेवून दुकानदाराने वाटायच्या नाहीत. हमालाला आडवे करावे आणि गाडी काढून थेट रुग्णालय गाठावे.